बाकाच्या कडेला कोण बसणार

त्या शाळेत मला कुणी आनंदानं घेतलं नव्हतं. राखीव जागा भरा म्हणून वरून तगादा होता आणि मी बी.एड. होऊन परभणीत घरी बसले होते, म्हणून घेतलं. शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची मिळाली ती दाराशी, सगळे चपला काढून ठेवत तिथं. मी माठातलं पाणी प्याले की शिपाई तो पेला बाहेर नेऊन राखेनं घासायचा. बाकीच्यांचा पेला कधी घासलेला मी पाहिला नाही.

शाळा मानवतच्या अलीकडे, एका फाट्यावर होती. आजूबाजूच्या वाड्यांवरून मुली चालत किंवा एसटीनं यायच्या. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, तेव्हा मी कॉलेजात होते. मी नोकरीला लागले तेव्हा त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, पण नामांतर झालं नव्हतं आणि भांडण संपलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी पेपर उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "काय बाई, आता आमच्या शाळेचंबी नाव बदलायचं का?" बाकीचे हसायचे. मी वह्या तपासत राहायचे.

त्या खोलीत माझ्याशी नीट बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गणिताचे सर. वयानं मोठे, नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. ते मला "बेटा" म्हणायचे. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत माझी खुर्ची दारातून उचलून आत टेबलाजवळ ठेवली. तालुक्यातले लोक मुलाला त्यांच्या शिकवणीला बसवायला वशिला लावायचे. त्यांच्या हाताखालची मुलं इंजिनिअर झाली, असं गावात रोज ऐकू यायचं. मलाही ते आवडायचे, खोटं कशाला सांगू.

मी नववीला मराठी शिकवत होते आणि मुलींचा शिवणकामाचा तास घेत होते. एकदा गणिताच्या तासाला वर्गात निरोप द्यायला गेले. सर अजून यायचे होते. मुली जागा बदलत होत्या. माझ्या तासाला त्या एका बाकावर ऐसपैस बसायच्या, कडेची जागा मिळावी म्हणून भांडायच्या, कारण कडेला वारा लागतो. आता त्या भिंतीकडे दाटीवाटीनं सरकत होत्या. दप्तरं मांडीवर, छातीशी धरलेली. रांगांमधल्या वाटेच्या कडेला कुणी बसायलाच तयार नव्हतं. एक मुलगी दुसरीला दबक्या आवाजात म्हणाली, "काल मी बसले होते. आज तुझा नंबर हाय."

मी निरोप दिला आणि बाहेर आले. व्हरांड्यात उभी राहिले. 'नंबर' हा शब्द डोक्यातून जाईना.

शिवणाच्या तासाला मुलं मैदानावर जायची आणि मुली मागच्या पत्र्याच्या खोलीत माझ्यासमोर सतरंजीवर बसायच्या. मी काही न पाहिल्यासारखं करून विचारलं, "गणिताच्या तासाला कडेला कोण बसायचं, हे कोण ठरवतं गं?"

सगळ्यांच्या सुया थांबल्या. एकीनं मान आणखी खाली घातली. शेवटी जी बोलली ती गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी होती. उंच, तोंडानं फटकळ, शाळेच्या समारंभात भाषण करणारी. ती म्हणाली, "आमीच ठरवतो. एकटीलाच रोज नको म्हणून."

"काय नको?"

"सर कसंतरी करतेत."

तेव्हा 'लैंगिक छळ' हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नव्हतं. पेपरात 'विनयभंग' यायचा, तो पोलिसांचा शब्द. लोक 'छेड काढली' म्हणायचे आणि ते निम्मं हसण्यावारी जायचं. मुलींजवळ हा एवढाच शब्द होता, कसंतरी. मी एकेकीला विचारलं नाही. एवढंच म्हटलं की ज्यांना सांगायचंय त्यांनी सांगा. मग थोडं थोडं निघालं. वही बघायला वाकतात आणि पाठीवर हात ठेवतात. हात तिथंच राहतो. सरकलं तर हातही सरकतो. घरी सांगितलं तर शाळा बंद होईल. आणि एक बारीकशी मुलगी म्हणाली, "बाई, आमचंच काहीतरी चुकत असंल. ते तर म्हणतेत, मी तुमच्या बापासारखा हाय."

"तुझे वडील असा हात ठेवतात?"

"न्हाई."

"मग?"

तिनं सुई कापडात खोचली आणि पहिल्यांदाच मान वर केली.

त्या मुलींना असला हात ओळखायला शिकवायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या कितीतरी आधी ओळखलं होतं, आणि मोठ्या माणसांकडून काही आशा नाही हे धरून आपसात वाटूनही घेतलं होतं. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की दोष त्यांचा नाही. आणि आवाज काढता येतो.

पुढचे काही तास मी ब्लाउजचं माप शिकवता शिकवता तेच शिकवलं. एकीच्या खांद्यावर थाप मारून दाखवली. "गणित बरोबर आलं, थाप मारली, हात उचलला. ही शाबासकी. एसटीत ब्रेक लागला, कुणाचा धक्का बसला, तो माणूस मागं सरला. हा धक्का. पण तू अंग चोरलंस, त्याला ते दिसलं, आणि तरी हात हलला नाही, तर तो चुकून लागलेला नाही. मग तो कुणाचाही असो. मामाचा असो, सरांचा असो."

मग बोलायचं कसं, ते. मी म्हटलं, "सर, हात काढा. एवढंच. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं." त्यांना ते म्हणता येईना. एक हसली, एकीच्या तोंडून नुसती हवा निघाली. कविता खणखणीत म्हणणाऱ्या मुली त्या! मी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि भिंतीला सांगायला लावलं.

"'सर' म्हणायचं का पन?" त्या उंच मुलीनं विचारलं.

"म्हणायचं. म्हणजे कुणाला म्हटलं ते सगळ्यांना कळेल."

मी मुख्याध्यापकांना आधी सांगितलं नाही असं पुढं सगळ्यांनी म्हटलं. मी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "पोरींचं वयच तसलं असतं बाई, काहीही वाटतं." आणि समोरची फाईल उघडली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला, मी शेजारच्या आठवीवर होते. मधली भिंत छतापर्यंत नव्हती. आधी गणिताच्या सरांचा मऊ आवाज येत होता. मग एकदम त्या उंच मुलीचा आवाज आला, समारंभात यायचा तसा.

"सर, हात काढा."

माझा खडू हातातच राहिला. सर काहीतरी हळू म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्यानं. मग थोबाडीत मारल्याचा आवाज आला. माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघू लागली.

मी व्हरांड्यात धावले. नववीचं दार उघडलं आणि ती बाहेर आली, गालावर लाल वळ. रडत नव्हती. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली, मग नववीच्या सगळ्या मुली दप्तरं घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या मागं उभ्या राहिल्या. सर दारात आले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला.

"हे तू शिकवलंस," ते मला म्हणाले. बेटा गेलं होतं. "तुमच्या लोकांना नाहीतरी दुसरं काय येतंय? पेटवायचं."

"घरं तुम्ही पेटवली, सर," मी म्हटलं. "मी फक्त बोलायला शिकवलं."

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट पोचली होती, आणि ती अशी होती: नामांतरवाल्या बाईनं मोठ्या घरच्या पोरीला फितवून सरांवर बालंट आणलं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. बसा म्हणाले नाहीत. "शिवणाच्या तासाला हे कुठं येतं?"

"मुली येतात तिथं हे येतं सर."

"अहो, त्या माणसाच्या हाताखालून किती पोरं शिकून गेली!"

"हाताखालून मुलीही गेल्या असतील. त्यांना कुणी विचारलं?"

"बाहेर व्हा," ते म्हणाले.

शाळेत आणखी एक बाई होत्या, माझ्याहून खूप सीनियर. त्या मला नळापाशी गाठून म्हणाल्या, "मी इथं इतकी वर्षं काढली. आपण अंग सांभाळून राहावं. तुम्हाला काय एवढं नवल वाटलं?" त्यांच्या आवाजात माझ्याविषयीचा राग होता. मला तो मुख्याध्यापकांच्या रागापेक्षा जास्त लागला.

शाळेच्या कुंपणभिंतीवर कोळशानं माझी जात लिहिली गेली, आणि जातीपुढं एक घाणेरडी ओळ. शिपायानं वर चुना मारला तो इतका पातळ, की अक्षरं त्यातून वाचता यायची. रोज मुलं ती वाचत आत यायची. फाट्यावरच्या हॉटेलात मी एसटीची वाट बघत थांबले की बोलणं बंद पडायचं आणि मी पाठ फिरवली की हसणं सुरू व्हायचं. कंडक्टर मला तिकीट द्यायच्या आधी गाडीतल्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "सरका बाबांनो, हात लागायचा न्हाईतर."

मला वाटलं होतं, निदान घरी तरी कुणी पाठीवर हात ठेवील. धाकटा भाऊ तेव्हा आंदोलनात होता, सभा घ्यायचा, सत्याग्रहात पकडला गेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्का, अशाच घरातल्या लोकांनी आपली घरं जाळली. त्यांच्या पोरीसाठी तू नोकरी घालवायलीस?"

"ती पोरगी तेव्हा बोलायला तरी शिकली होती का?"

"मग मोर्चा काढू. शाळेवर आणू. त्या मास्तरला दाखवू."

"मोर्चा आणलास की त्या मुलींचं बोलणं संपलं. मग ते तुझं आणि त्यांचं भांडण होईल. मुलींना घरी कोंडतील आणि सर हार घालून फिरतील."

तो ताटावरून उठला. बरेच दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. मी सगळ्यांच्याच मधे उभी होते आणि सगळ्यांचीच मला चीड येत होती. वळ घेऊन घरी बसलेल्या मुलीची तेवढी येत नव्हती. तिला वडिलांनी शाळेतून काढलं होतं.

संस्थेच्या अध्यक्षांनी पालकांची सभा बोलावली. मैदानातल्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. समोर खुर्च्यांवर अध्यक्ष, मुख्याध्यापक, गणिताचे सर. मला खुर्ची नव्हती. मी झेंड्याच्या खांबाला टेकून उभी राहिले.

अध्यक्ष गावचेच, बागायतदार, बोलायला गोड. ते म्हणाले, "शाळा म्हणजे लेकरांचं मंदिर. बाहेरचं राजकारण इथं आणू नये. नामांतराचं भांडण तुमी रस्त्यावर लढा, बाई. आमच्या लेकीबाळींची इज्जत त्यात वेठीला धरू नका." टाळ्या पडल्या. मग त्यांनी बायकांकडे बघून विचारलं, "कुणा आईची सरांबद्दल काय तक्रार हाय का? असंल तर बिनधास्त बोला."

ही सभा कशासाठी होती हे मला कळत होतं. इतक्या माणसांपुढं कोण बोलणार होतं? कुणी बोललं नाही, की प्रकरण मिटलं. अध्यक्षांनी जरा वाट पाहिली आणि समोरचे कागद गोळा करू लागले.

तेवढ्यात बायकांमधून त्या उंच मुलीची आई उठली. डोक्यावरचा पदर घट्ट, आवाज लेकीसारखाच. तिनं पहिलं बोट माझ्याकडे केलं.

"ह्या बाईनं माझ्या लेकराला नको ते शिकवलं," ती म्हणाली. "गावात आता तिच्या नावानं कायबाय बोलायलेत. जमत आलेली सोयरीक मागं सरली. हिला ठेवा का काढा, ते तुमचं तुमी बघा. हिचं तोंड मला बघायचं न्हाई."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "ऐकलं सगळ्यांनी? खुद्द पोरीची आईच म्हणायलीय..."

"माझं झालं न्हाई अजून."

पुरुषांमधून तिचा नवरा म्हणाला, "बस खाली."

"बसते. आधी बोलू द्या." ती सरांकडे वळली. "माझी पोरगी खोटी हाय असं मी म्हणले न्हाई. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. तिच्या पाठीवर हात ह्या माणसानं ठेवला. तिच्या गालावर वळ ह्यानं उठवला. तिच्या बापानं तिच्यावर कधी हात उगारला न्हाई, आन् ह्यानं मारलं, कामून? तर ती हात काढा म्हणली म्हणून. बाईचं काय करायचं ते करा. ह्याचं काय करायलात, ते मला आत्ता सांगा. सगळ्यांसमोर."

गणिताचे सर उठून काही म्हणायला गेले. "वहिनी, गैरसमज..."

"मी तुमची वहिनी न्हाई."

मग मागच्या बाजूनं एक बाई, बसल्या बसल्याच, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माझ्या पोरीनंबी सांगितलं होतं. मी तिलाच मारलं." आणि रडायला लागली. तिच्या शेजारची म्हणाली, "माझीबी गणिताच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहती." मग कोण काय बोलतंय ते ऐकू येईना. पुरुष उभे राहिले. त्यातले काही बायकोला हाताला धरून घरी न्यायला लागले, पण दोघेतिघे बाप खुर्च्यांच्या दिशेनं चालले होते. अध्यक्षांनी घाईनं सांगितलं की विषय संस्थेच्या बैठकीत घेतला जाईल, आणि सभा उधळली.

त्या आईजवळ मी गेले. काय म्हणणार होते देव जाणे. तिनं मला जवळ येताना पाहिलं आणि म्हणाली, "लांब राहा. तुमच्यासाठी काय बोलले न्हाई मी." आणि गेली.

पोलिसांत कुणी गेलं नाही. उरलंसुरलं नाव जाईल, असं सगळ्या घरांत ठरलं. संस्थेनं सरांना पालमकडच्या आपल्या दुसऱ्या शाळेत पाठवलं. शिक्षा म्हणून नाही, तर 'प्रकृतीच्या कारणास्तव विनंतीवरून'. त्यांना शाल आणि नारळ देऊन निरोप दिला. मुख्याध्यापकांचे डोळे भरून आले होते. मी समारंभाला गेले नाही. नववीच्या मुलींनाही सक्ती होती, पण त्या माझ्या पत्र्याच्या खोलीत येऊन सुई-दोरा घेऊन बसल्या आणि त्यांना न्यायला कुणी आलं नाही. मला मात्र लेखी ताकीद मिळाली, अभ्यासक्रमाबाहेरचे विषय वर्गात काढू नयेत म्हणून.

मी रजा टाकून पालमकडच्या त्या शाळेत गेले. तिथल्या मुख्याध्यापकांनी मला दारातच थांबवलं. "तुमच्या गावचं तुमच्या गावात ठेवा," ते म्हणाले. मी बाहेर रस्त्याला आले. शाळा सुटली आणि मुली एसटीसाठी थांबल्या, तेव्हा मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि जे सांगायचं होतं ते भराभर सांगितलं. त्या एकमेकींना कोपर मारून हसल्या. एकीनं विचारलं, "तुमी कोण हाव?" मी म्हटलं, "मी एका शाळेतली बाई आहे." गाडी आली, त्या चढल्या. त्यातल्या किती जणींनी ऐकून घेतलं, ते मला कधी कळलं नाही. मनात त्यांच्यासाठी भीती होती आणि माझ्या हातात त्याहून जास्त काही नव्हतं.

ती उंच मुलगी शाळेत परत आली नाही. वर्ष मधे गेलं. नंतर तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. केंद्र मानवतला होतं आणि मला तिथं पर्यवेक्षणाचं काम होतं. तिची आई रोज तिच्याबरोबर एसटीनं यायची आणि पेपर सुटेपर्यंत उन्हात पायरीवर बसून राहायची. दुसऱ्या दिवशी मी तिला सावलीत बसा म्हणून सांगितलं. तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मुलीनं आत जाता जाता मला ओझरतं पाहिलं आणि मान हलवली, आईला दिसणार नाही इतकीच. ती पास झाली. गणितात तिला बरे गुण होते.

आमच्या शाळेत जूनमध्ये गणिताला नवीन शिक्षक आले. तरुण, नांदेडकडचे. आल्याआल्या त्यांना माझ्याबद्दल काय काय सांगितलं गेलं असेल याची मला कल्पना आहे, कारण ते मला बघितलं की व्हरांड्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. वर्गात ते फळ्यापासून हलायचेच नाहीत. मुलींच्या वह्या टेबलावर मागवून घ्यायचे, तपासून टेबलावरच ठेवायचे.

मुख्याध्यापकांनी मला त्यावरूनही बोलावलं. "बघा, काय करून ठेवलंत. शिक्षक मुलींजवळ जायला घाबरतो. मुलींच्या गणिताचं नुकसान कोण भरून देणार?"

"फळा सगळ्यांना दिसतो सर," मी म्हटलं.

ते निवृत्त होईपर्यंत माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. कामाचं काही असलं की शिपायाकडून निरोप पाठवायचे. मी पत्र्याच्या खोलीत दरवर्षी नव्या नववीला माप घ्यायला शिकवत होते, आणि ताकीद असूनही ते दुसरंही शिकवत होते. दार मी कधी लावून घेतलं नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं ऐकावं.